कॉनराडशेजारची जागा

बुडापेस्ट, ३० ऑगस्ट १९९७

प्रिय ओटिली,

पोचले. पाय सुजलेत, बाकी ठीक आहे. बोट लांबलचक आणि बुटकी आहे. आपल्या ऱ्हाईनवरच्या मालबोटीला कुणी पडदे लावून फुलदाण्या ठेवाव्यात, तशी दिसते. तुझा भाऊ असता तर आधी इंजिनाच्या खोलीत शिरला असता आणि जेवणाच्या घंटेला काळ्या हातांनी वर आला असता. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, तरी नदीवर पाऊल ठेवलं की तोच आठवतो. तो होता तेव्हा आम्ही एकदाही बोटीच्या सहलीला गेलो नाही. मी विषय काढला की म्हणायचा, 'न्हाव्याला सुट्टीत दाढ्या करायला सांगतेस का?'

इथला शिस्तीचा प्रकार तुला आवडेल. उतरताना फळीवरून आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, परत आल्यावर पुन्हा टांगायचा. एक जरी बिल्ला कमी असला तरी बोट हलत नाही, आणि उशिरा येणाऱ्याकडे सगळे चोरासारखं बघतात. माझ्या टेबलावर कासेलच्या ब्रेटश्नायडरबाई आहेत. यांची ही सातवी सहल, त्यामुळे समोरची इमारत बघायच्या आधीच त्या तिच्याबद्दल सांगून टाकतात. काल किल्ल्यावरून संसद पाहिली. मोठी आहे, झाडणाऱ्यांची कीव आली.

आता कामाचं. कॉनराडच्या कबरीवरच्या बिगोनियांना अर्धी झारी पुरे. तू भरभरून घालतेस आणि मुळं कुजतात. मुदतीचंही लक्षात असू दे. कबरीची आमची ती दोघांची जागा आपण नगरपालिकेकडून वीस वर्षांच्या भाड्यानं घेतली होती, ती सप्टेंबरअखेर संपते. आल्याबरोबर मी नगरपालिकेत जाऊन पुढची सही करणार आहे. नाहीतर दगड उचलून नेतील, आणि त्याच्या शेजारची माझी जागा जाईल. सत्तरी उलटल्यावर माणसाला एक तरी पत्ता पक्का माहीत असावा.

तुझी भावजय,
हेडविग


अँडरनाख, ४ सप्टेंबर

प्रिय हेडविग,

तुझं पत्र आज सकाळी आलं. हे मी पासाउच्या धक्क्यावरच्या एजंटाकडे पाठवते आहे, तुझ्या बोटीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दुपारी गेले. झारी भरून नेली, अर्धीच, काळजी नको. पण ती रिकामी करायची वेळच आली नाही. माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलं होतं. माती ओली होती. सुकलेली फुलं खुडलेली होती. तणही उपटलेलं होतं, आणि रागावू नकोस पण ते बरंच असणार, कारण कडेनं माती चांगली उकरल्यासारखी दिसत होती. दगडापाशी एका काचेच्या बरणीत जांभळी ॲस्टरची फुलं होती, अगदी ताजी.

तू कुणाला सांगून गेली आहेस का? सांगितलं असशील तर मला का पाठवलंस ते कळलं नाही. आपल्या घरात ॲस्टर कुणी आणत नाही. कॉनराडला त्यांनी शिंका यायच्या, हे तुलाही माहीत आहे. म्हणजे आणणाऱ्या माणसाला ते माहीत नाही. किंवा कॉनराडला शिंका येतात की नाही हे बघण्याइतका वेळ ते माणूस त्याच्याजवळ कधी नसावं. मी काही म्हणत नाही. फक्त विचारते आहे.

फुलं मी फेकली नाहीत. फुलांचा काय दोष?

एक गोष्ट माझ्या मनात आहे, पण तू सहलीला गेली आहेस, आत्ता नको. मजा कर.

तुझी नणंद,
ओटिली


पासाउ, ८ सप्टेंबर

ओटिली,

मी कुणालाही सांगून आलेले नाही. दर रविवारी चर्चनंतर मी स्वतः जाते, आणि तण मी काढते. गेल्या दोन रविवारी गुडघ्यामुळे वाकता आलं नाही, म्हणून राहिलं असेल. 'मनात एक गोष्ट आहे पण आत्ता नको' असं लिहून त्याच ओळीत 'मजा कर' म्हणणं हे फक्त तुमच्या घराण्याला जमतं. तुझी आई असंच बोलायची.

मजा काय करतेय ते ऐक. व्हिएन्नात आम्हाला राजघराण्याच्या तळघरात नेलं. राजवाडा राहिला बाजूला, हे लोक पैसे घेऊन शवपेट्या दाखवतात. तिथं एका सम्राज्ञीची आणि तिच्या नवऱ्याची मिळून एकच पेटी आहे, आपल्या स्वयंपाकघराएवढी. वर दोघांचे पुतळे, झोपेतून उठून बसल्यासारखे, एकमेकांकडे बघताहेत. वाटाडी म्हणाली, नवरा भारी रंगेल होता. सगळ्या दरबाराला ठाऊक होतं, हिलाही ठाऊक होतं, तरी तो गेल्यावर ही पंधरा वर्षं रोज काळे कपडे घालून राहिली आणि शेवटी त्याच्याच पेटीत गेली. ब्रेटश्नायडरबाई रुमाल काढून डोळे पुसत होत्या. मी त्या दोन तोंडांकडे बघत राहिले. मला तर वाटलं, ती त्याला विचारतेय, 'आता बोल.'

तुझं पत्र हातात पडल्यावर मी चूक केली. ब्रेटश्नायडरबाईंना सांगितलं. त्यांनी पाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'पुरुषाच्या कबरीवर अनोळखी फुलं? अहो, बाई असते. दरवेळी बाई असते.' आता जेवताना त्या माझ्या ताटात जास्तीचा बटाटा वाढतात. कीव केलेली मला सहन होत नाही, तुला माहीत आहे.

इथल्या कॅथेड्रलमधला ऑर्गन ऐकायला लोक देशोदेशींहून येतात. मी तासभर समोर बसले. एक सूर कानात शिरला असेल तर शपथ. कॉनराड तीन-तीन आठवडे नदीवर असायचा, तेव्हा मी कधी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, एवढंच डोक्यात चाललं होतं.

मनात काय आहे ते लिही. बांबेर्गला पाठव. आणि तिथं जाऊन बस, कोण येतं ते बघ.

हेडविग


अँडरनाख, ११ सप्टेंबर

प्रिय हेडविग,

बसले. प्रार्थनाघराच्या मागच्या बाकावर, हातात विणकाम घेऊन, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला. आज दुपारी गेले तर बरणीत पुन्हा नवी फुलं. पुन्हा जांभळी ॲस्टर. गेल्या वेळी मी गेले तोही गुरुवार होता, म्हणजे ते माणूस गुरुवारी सकाळी येतं. तू रविवारी जातेस हे त्याला पक्कं माहीत असणार. माळ्याला विचारलं. तो म्हणाला, 'अहो, ते तर कित्येक वर्षं चाललंय.' कोण, म्हटलं, तर त्यानं गवत कापायचं यंत्र सुरू केलं. पुरुष पुरुषांना सांभाळून घेतात, मेल्यावरसुद्धा.

आता तू विचारलंसच म्हणून लिहिते. मला दोष देऊ नकोस.

कॉनराडची बोट माईन नदीतून वर जायची तेव्हा ते लोक बांबेर्गला जुन्या क्रेनजवळच्या एका खानावळीत उतरायचे. तिथं बाबेट नावाची बाई होती. मला हे त्याच्या सोबतच्या माणसानं सांगितलं, कॉनराडच्या दफनाच्या दिवशी, दोन ग्लास झाल्यावर. म्हणाला, 'बाबेटला कळवायला हवं.' मी त्याला गप्प केलं. तू त्या वेळी दारात पाहुण्यांचे कोट घेत होतीस. तुझ्या सुखासाठी वीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. पण ती बाई आता आपल्याच गावात येऊन राहिली असेल, तर कुणी सांगावं?

एक व्यवहाराची गोष्ट. या सगळ्यानंतर तुला त्या जागेत मन रमेल असं वाटत नसेल तर मला वेळेवर कळव. महिनाअखेर मुदत संपते. जागा परक्याला जाण्यापेक्षा घरात राहिलेली बरी. मी त्याची सख्खी बहीण आहे.

ओटिली


बांबेर्ग, १४ सप्टेंबर

ओटिली,

तुझं पत्र धक्क्यावरच मिळालं, आणि मी बिल्ला खिशात टाकून घोळक्यातून सटकले. वाटाडीची पिवळी छत्री उजवीकडे गेली, मी डावीकडे.

खानावळ अजून आहे. आत तीच ती इथली धुरकट बिअर, हॅम जाळल्यासारख्या वासाची. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई होती. मी म्हटलं, 'अँडरनाखचा कॉनराड लामर्स. मालबोटीवर इंजिन बघायचा.'

'आजी, इथे येणारे सगळेच मालबोटीवरचे,' ती म्हणाली. 'तुम्ही कोण त्यांच्या?'

'बहीण,' मी म्हटलं.

हो, तुझं नाव लावलं. बायको म्हटलं असतं तर तिनं तोंड उघडलं नसतं.

'मग बरं,' ती म्हणाली. 'कधीकधी बायका येतात. त्यांना काय सांगायचं कळत नाही. बाबेट माझी आत्या. सगळ्यांचे मोजे रफू करायची, सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकायची. कुणी बुडाला, कुणी मेला की रडायचीही सगळ्यांसाठी.'

'कॉनराडसाठी रडली?'

'आता कुणाला विचारणार? आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली. वर टेकडीवर पुरलीय.'

तिनं मला फुकट सूप दिलं. म्हणजे तोंडावर काहीतरी दिसत असणार.

खोटं बोलत नाही, सूप पिताना मला एक करडा मोजा आठवला. टाचेला हिरव्या लोकरीचं रफू होतं. माझ्याकडे हिरवी लोकर कधीच नव्हती. बोटीवर कुणीतरी केलं, म्हणाला. मी मानलं आणि धुवायला टाकला.

मग मी चढ चढून कॅथेड्रलला गेले, कारण पिवळी छत्री तिथं होती. तिथंही मधोमध नवराबायकोची एकच कबर, सम्राट हाइनरिश आणि त्याची कुनिगुंडे. बाजूच्या दगडावर कोरलंय की नवऱ्याला तिचा संशय आला, आणि खरेपणा दाखवायला बिचारी तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालली. नवरा शेजारी उभा राहून बघतोय. आणि नंतर दोघं वर आरामात आडवे. आमचे लोक फोटो काढत होते. सगळ्या सहलीत मला या लोकांनी जोडप्यांच्या कबरीच दाखवल्या आहेत असं वाटायला लागलंय.

तिथं उभी असताना मला एक गोष्ट सुचली, ती आता लिहिते. नऊ वर्षांपूर्वी मेलेली बाई दर गुरुवारी फुलं आणत नाही. मग ती फुलं कोण आणतं? आणि ती पाहिलीत कुणी? फक्त तू. बरणी तू पाहिलीस, ओली माती तू पाहिलीस, माळ्याशी तू बोललीस. बाबेटचं नाव वीस वर्षं पोटात होतं आणि नेमकं मी नदीवर असताना, मुदत संपायच्या महिन्यात बाहेर आलं. आणि त्याच पानावर खाली, 'जागा घरात राहिलेली बरी.'

तुला ती जागा हवी होती तर समोर बसून मागायची. माझ्या नवऱ्याची अब्रू कशाला उकरून काढलीस? बागेतल्या तणासारखी?

रुडेसहाइमला एजंटाकडे उत्तर पाठव, नाहीतर नको पाठवू.

हेडविग


अँडरनाख, १८ सप्टेंबर

हेडविग,

तुझं पत्र परवा मिळालं. आज गुरुवार, म्हणून पहाटेच दफनभूमीत गेले. फाटक उघडायच्या आधी.

तो आला. म्हातारा, टोपी घातलेला, सायकलच्या मागे खुरपं बांधलेलं. शेजारच्या कबरीशी थांबला, तिथं त्याची बायको आहे, लेने थोमा. तिला पाणी घातलं, तिची फुलं बदलली, आणि मग उरलेली ॲस्टर घेऊन सरळ आपल्या कॉनराडकडे वळला. मी बाकावरून उठले.

'काय करताय?' मी विचारलं.

'दिसत नाही का? साफ करतोय,' तो म्हणाला. 'यांचं कुणी उरलेलं नाही वाटतं. तण माजतं, बी वाऱ्यानं उडतं आणि माझ्या लेनेवर येऊन पडतं. तिला जिवंतपणी एक कागदाचा कपटा अंगणात चालायचा नाही. मी काय बघत बसू? शनिवारी सुकायला लागलेली फुलं बरणीसकट उचलून नेतो.'

'यांची बायको आहे,' मी म्हटलं. 'दर रविवारी येते.'

'येते?' तो म्हणाला. 'मग काय करते?'

तर तुझी बाई ती ही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा, मिशीवाला, निवृत्त शिंपी थोमा. सात वर्षं तो तुझं तण उपटतोय, कारण आपल्या बायकोच्या शेजाऱ्याचं अंगण घाण दिसतं म्हणून. सबंध गावात हे कुणाकुणाला माहीत असेल कोण जाणे. मी त्याला तुझ्या गुडघ्याचं सांगितलं. तो म्हणाला, 'गुडघे सगळ्यांनाच असतात.' मग थर्मासमधली अर्धी कॉफी मला दिली. माणूस उद्धट आहे, पण कॉफी चांगली होती.

आता दुसरं. फुलं मी रचली नव्हती, एवढं तुला कळलं. पण तुझा संशय सगळाच खोटा नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आईबाबांची कबर आता नाही. त्या जागेची मुदत वसंतात संपली. मी सही केली नाही. माझ्यानंतर तिथं येणारं कोण आहे, असं वाटलं. मग एका सकाळी गेले तर दगड नाही, कुंपण नाही, नुसतं गवत पेरलेलं. तुला सांगितलं नाही. कसं सांगणार, तू विचारलं असतंस की मग तू कुठे जाणार. नगरपालिकेत विचारलं तर म्हणाले, एकट्यांसाठी भिंत आहे, जाळून घ्या आणि एक कप्पा घ्या. टपालकचेरीतल्या पेट्यांसारखे कप्पे आहेत ते, हेडविग, नंबर लावलेले. आमच्या घरात आजवर कुणी जाळून घेतलं नाही.

मग पहिल्या दिवशी ती ॲस्टर दिसली, आणि माझ्या मनात पाप आलं. वाटलं, ही जर रुसली तर जागा सुटेल. बाबेटचं नाव मी खरंच ऐकलं होतं. 'कळवायला हवं' हेही तो माणूस म्हणाला होता. पण त्यानं तीनचार खानावळींची नावं घेतली होती आणि सगळ्यांनाच कळवायला हवं म्हणाला होता. ती मी गाळली. गावात येऊन राहिली असेल, हे तर माझंच.

तुला हवं ते म्हण. एवढंच सांगते, रात्रीअपरात्री जाग आली की मला ती भिंत दिसते.

ओटिली


अँडरनाख, तुझ्या दारात, २२ सप्टेंबर

ओटिली,

हे पत्र टपालानं आलेलं नाही, हे तुला पाकिटावर शिक्का नसल्यानं कळलंच असेल. आज बोट कोब्लेन्झला लागली आहे. बाकीचे लोक घोड्यावर बसलेला सम्राट बघायला गेले. मी रेल्वे पकडली आणि गावात आले. दार वाजवलं नाही, कारण अजून रागावले आहे, आणि तुझं तोंड बघितलं असतं तर राग गेला असता.

आधी दफनभूमीत गेले. थोमाचं काम चोख आहे, काही म्हण. तीस वर्षं संसार केला आणि वीस वर्षं रविवार पाळले, पण त्या चौकोनाच्या कडा इतक्या सरळ मी कधी ठेवल्या नव्हत्या. लाज वाटली. त्याच्या लेनेवर एक तण शोधत होते, सापडलं नाही.

मग कॉनराडसमोर उभी राहिले. त्याला विचारलं, हिरवी लोकर कुणाची. तो जिवंतपणीही अशा वेळी गप्प बसायचा. मला हे कधीच कळणार नाही, ओटिली. तो चांगला होता, एवढं मला माहीत आहे, आणि बाकीचं माहीत नाही. वाटलं होतं की न कळता सही करता येणार नाही. पण इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपले तेव्हा तरी मला त्याच्याबद्दल काय कळलं होतं? तरी झोप लागायची.

तुझ्यावर मात्र मी चिडले आहे. बाबेटमुळे नाही. आईबाबांचा दगड उचलून नेला आणि तू सहा महिने माझ्या टेबलावर बसून केक खात राहिलीस, काही न बोलता, म्हणून. मी तुझी कोण आहे? मला वाटतं तू मला अजून पाहुणी समजतेस.

नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या पोरीला म्हटलं, दोघांच्या जागेत तिघं कसे मावतील ते सांग. ती म्हणाली, शवपेट्या दोनच, पण वरून एक कलश पुरता येतो. म्हणजे तिघांपैकी एकानं जाळून घ्यायला हवं. कॉनराडचा प्रश्न नाही, तो आधीच स्थिरावलाय. उरल्या आपण दोघी. मी सही केली आहे, पुढच्या वीस वर्षांसाठी, आणि नावं दोन्ही घातली आहेत. पेटीची जागा तुझी. कलश माझा, तुम्हा बहीणभावांच्या मधोमध, म्हणजे माझ्या पाठीमागे तुमची कुजबुज चालणार नाही.

ही मेहरबानी समजू नकोस. जाळून घ्यायला मला काही वाटत नाही. तुमच्या घरात लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला थंडीच वाजते आहे.

हेडविग